युएनच्या मोहिमेवर गेलेला जवान वर्षभर कसा राहतो? घरच्यांनी काय सांगायचं, काय सांभाळायचं?

जालना : आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात, जेवणं उरकून माणसं अंथरुणाला पाठ टेकतात, तेव्हा दक्षिण सुदानमध्ये संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. गस्त संपवून कॅम्पात परतलेला जवान हातपाय धुऊन मोबाइल घेतो आणि गावाकडं व्हिडिओ कॉल लागतो. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" दुसराही ठरलेला, "कधी येणार?" पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्याचं त्याच्या हातात नसतं.

"पोरगं युएनला गेलं" म्हटलं की गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर "आता काय, पैसाच पैसा", नाही तर "तिकडं लढाई पेटलीय म्हणे". दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. वर्षभर घरापासून हजारो किलोमीटर लांब राहणाऱ्या जवानाचा दिवस कसा जातो, त्याचं मन कशानं टिकतं, कशानं खचतं आणि यात घरच्यांचा वाटा किती, हे समजून घेण्यासारखं आहे. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या मायबापांनी तर नक्कीच.

कोण जातं, कुठं जातं?

युएनची स्वतःची फौज नाही. जगात कुठं भांडण थांबवायचं असलं, की वेगवेगळे देश आपापले सैनिक तिला देतात. हे सैनिक आपल्या देशाचीच वर्दी घालतात, फक्त डोक्यावर निळी टोपी किंवा निळं हेल्मेट येतं. भारतानं आजवर ५० च्या आसपास मोहिमांमध्ये मिळून अडीच लाखांहून जास्त सैनिक पाठवले. त्यातले सुमारे १८० जण परत आले नाहीत. शांतिसेनेत सगळ्यात जास्त बलिदान देणाऱ्या देशांत भारत आहे.

सध्या भारताचे जास्तीत जास्त जवान तीन ठिकाणी दिसतात. आफ्रिकेतला दक्षिण सुदान, आफ्रिकेतलाच काँगो आणि इस्राएलच्या उत्तरेला असलेला लेबनॉन. पलटण साधारण वर्षभरासाठी जाते. जाण्याआधी तयारी होते. दिल्लीत २००० सालापासून शांतिसेनेच्या प्रशिक्षणाचं केंद्र आहे. यलो फीवरची लस टोचली जाते, कारण त्या लशीच्या दाखल्याशिवाय दक्षिण सुदान किंवा काँगोत प्रवेश नाही. मलेरियाच्या गोळ्या नेमानं घ्याव्या लागतात.

दिवस कसा जातो?

दक्षिण सुदानमधल्या बोर आणि मलाकाल या भागांत भारतीय जवान अनेक वर्षांपासून आहेत. तिथली जमीन आपल्या माणसाला लगेच ओळखू येईल. कापसाची काळी माती. उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसात चाकाला, बुटाला चिकटून बसणारा चिखल. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस चालतो आणि त्या काळात बरेच रस्ते बंद पडतात. मग ट्रक जात नाही, गस्त अडकते, हेलिकॉप्टरवर सगळी मदार. मंठा-परतूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतल्यावर काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला वेगळं सांगायला नको.

राहायला तंबू किंवा कंटेनरसारख्या पत्र्याच्या खोल्या. भोवती वाळू-मातीच्या भिंती, काटेरी तार, टेहळणीचे मनोरे. पहाटे पीटी, मग हत्यार-गाडीची देखभाल, गस्त, काफिल्याला संरक्षण, रात्रीचा पहारा. कॅम्पाबाहेर एकट्यानं फिरायला मनाई. बाजारात सहज चक्कर, चहाच्या टपरीवर गप्पा, असलं काही नाही. शिधा युएनकडून येतो, पण स्वयंपाक आपलेच लोक करतात. चपाती-भात-डाळ मिळते. तरी बहुतेकांच्या पेटीत घरच्या तिखटाची पुडी असतेच.

एक गोष्ट शेतकऱ्यांना आवडेल अशी. भारतीय तुकड्यांबरोबर जनावरांचे डॉक्टरही असतात. दक्षिण सुदानमध्ये माणसाची श्रीमंती गुरांवर मोजली जाते, लग्नसुद्धा गुरं देऊन ठरतं. तिथं आणि लेबनॉनच्या डोंगराळ गावांतही भारतीय पशुवैद्यक गाई-शेळ्यांवर उपचार करतात. ज्याच्या गाईला औषध दिलं, तो माणूस जवानाकडे संशयानं बघत नाही. आणि जवानालाही आपण इथं कशाला आलो, याचं उत्तर डोळ्यांसमोर दिसतं. मनासाठी ही गोष्ट किती मोठी आहे ते पुढं येईलच.

धोका मात्र आहे. ९ एप्रिल २०१३ ला दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात युएनच्या काफिल्यावर हल्ला झाला, त्यात पाच भारतीय सैनिक शहीद झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबो इथल्या तळावर जमाव चालून आला, तिथं आणखी दोघं गेले. २०२२ च्या जुलैमध्ये काँगोतल्या बुटेम्बो इथं सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर बंडखोरांनी घेतलं आणि तिथला विमानतळ बंद पडला. लेबनॉनमध्ये २०२४ च्या शरद ऋतूत इस्राएल आणि हिजबुल्ला यांची लढाई चालू असताना मधल्या पट्ट्यातले शांतिसैनिक बंकरमध्ये बसून होते. लेबनॉनची ही मोहीम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवायची आणि नंतर वर्षभरात सैन्य परत न्यायचं, असं सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं आहे.

पैशाचं खरं काय?

गावातल्या चर्चेत आकडे फुगतात, म्हणून हे नीट सांगायला हवं. युएन प्रत्येक सैनिकामागे दरमहा १४०० डॉलरपेक्षा थोडी जास्त रक्कम देते. पण ती सैनिकाच्या खात्यावर येत नाही, त्याच्या देशाच्या सरकारला भरपाई म्हणून मिळते. जवानाला त्याचा नेहमीचा पगार आणि भारत सरकारच्या नियमानुसार परदेशातला भत्ता मिळतो. युएनकडून जवानाच्या हातात रोजचा किरकोळ भत्ता म्हणून १ डॉलर २८ सेंट पडतात. सहा महिन्यांत १५ दिवसांपर्यंत विश्रांतीच्या रजेसाठी दिवसाला साडेदहा डॉलर वेगळे.

म्हणजे गावी असतो त्यापेक्षा चार पैसे जास्त सुटतात हे खरं. पण "युएनला गेला म्हणजे विहीर, बंगला, बहिणीचं लग्न सगळं एका दमात" हा हिशेब खोटा आहे. तो हिशेब धरून पाहुणे उसने मागायला लागतात, घरचे फोनवर "बघ काही जमतंय का" म्हणतात. नकार देताना जवानाची झोप उडते, होकार दिला तर कर्ज होतं. दूरच्या तैनातीत मन पोखरणाऱ्या गोष्टींत हे पैशाचं दडपण वरच्या नंबरावर असतं.

मन खचतं कुठं?

बाहेरच्याला वाटतं, गोळीची भीती सगळ्यात मोठी. फौजी माणसं वेगळं सांगतात. गोळी चालते त्या दिवशी माणूस कामात असतो, शेजारी जोडीदार असतात, शिकवलेलं आपोआप हातून घडतं. खरी परीक्षा रिकाम्या दिवसांत होते. पाऊस, बंद रस्ते, तेच पत्र्याचं छप्पर, तीच माणसं आणि डोक्यात घर.

तीन गोष्टी मुख्य आहेत.

पहिली, अर्धवट बातमी. फोनवर आईचा आवाज वेगळा येतो. "काही नाही रे बाळा, सर्दी झालीय" म्हणते आणि कॉल कटतो. पुढचे दोन दिवस नेटवर्क नाही. त्या दोन दिवसांत जवान मनात आईला दवाखान्यात नेऊन आणतो.

दुसरी, हात बांधलेले असणं. शांतिसैनिकाला हत्यार वापरायचे नियम कडक असतात. स्वतःचा बचाव, सामान्य माणसांचं संरक्षण आणि सोपवलेलं काम, एवढ्यापुरतंच. दोन्ही बाजूंचे लोक भांडत असताना मध्ये उभं राहायचं आणि कुणाची बाजू घ्यायची नाही. समोर जळालेलं गाव, पळणारी लेकरं बघून शांत राहणं हे लढण्यापेक्षा अवघड जातं.

तिसरी, "मी इथं का आहे?" हा प्रश्न. याचं उत्तर सापडलं तर माणूस चिखलातही वर्ष काढतो. सापडलं नाही तर एसी खोलीतही दिवस जात नाही.

या तिन्ही गोष्टी नव्या नाहीत. आपल्या मराठी पलटणींनी शंभर वर्षांपूर्वीपासून त्या सोसल्या आहेत.

कुतचा वेढा : जवळपास पाच महिने

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतल्या मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात लढत होत्या. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांतून हजारो जण या पलटणींत होते. टायग्रिस नदीच्या काठी कुत नावाच्या गावात पुणे डिव्हिजन अडकलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळपास पाच महिने तुर्कांचा वेढा होता. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. बऱ्याच हिंदी सैनिकांनी ते मांस खायला नकार दिला. धर्माचा प्रश्न तर होताच, पण त्यापेक्षा मोठी भीती होती गावाची. "घोड्याचं मांस खाल्लं हे गावात कळलं तर वाळीत टाकतील, पोरीचं लग्न जमणार नाही," हा विचार हजारो किलोमीटरवर उपाशी बसलेल्या माणसाला सोडत नव्हता. भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळं अनेकांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, माणसं उभी राहीनात. धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले गेले, तरी शेवटच्या काही आठवड्यांतच बहुतेकांनी ते खाल्लं. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली आणि त्यातली कित्येक कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेली. याच मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी ११७ नंबरच्या पलटणीला पुढं 'रॉयल' हा किताब मिळाला.

यातून दिसतं ते एवढंच. सैनिक कितीही लांब असला तरी "गाव काय म्हणेल" हे त्याच्या पाठीवर बसलेलं असतं. आज घोड्याच्या मांसाचा प्रश्न नाही. पण "युएनला जाऊन आला आणि घर नाही बांधलं?" हा टोमणा त्याच जातीचा आहे.

पत्रं तेव्हाही तपासली जायची

त्याच महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकांची घरी जाणारी हजारो पत्रं इंग्रज अधिकारी वाचून काढत. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं लिहिणारा वेगळा असे. मनातलं उघड लिहिता येत नाही म्हणून सैनिकांनी युक्त्या काढल्या. हिंदी सैनिकाला काळी मिरी म्हणायचं, गोऱ्याला लाल, आणि मिरी किती संपली हे लिहायचं. वाचणारा अधिकारी फसत नसे, पण त्याला पलटणीचा मूड कळायचा. पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येई. जखमी माणूस बरा झाला की त्याला घरी न पाठवता परत खंदकात पाठवतात, मग सुटका कधी? घरी जायची तारीख दिसत नसली की माणूस खचतो, हे सरकारलाही त्या पत्रांवरूनच कळलं. १९१५ च्या अखेरीला हिंदी पायदळ फ्रान्समधून काढलं गेलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत होत्या. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथं शहीद झाले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांनाही एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी तोच सन्मान मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. परक्या गावानं ८० वर्षांनी आठवण ठेवली.

श्रीलंका : आपण कशासाठी आलो?

आज साठी-पासष्टीत असलेल्या माजी सैनिकांना श्रीलंकेची मोहीम चांगली आठवते. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडं गेली. सुरुवातीला काम होतं तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायचं. ऑक्टोबरमध्ये चित्र उलटलं. ज्या तमिळ लोकांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्यातल्याच एलटीटीईशी लढाई सुरू झाली. जंगलात सुरुंग, गल्लीत गोळीबार आणि समोरचा साधा माणूस आहे की बंडखोर हे ओळखायची सोय नाही.

२५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महार पलटणीची तुकडी शोधमोहिमेवरून परतत होती. बंडखोरांनी घेरलं. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. महार रेजिमेंटमध्ये मराठवाड्यातल्या घरांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत, त्यामुळं हे नाव आपल्या भागात परकं नाही.

ही मोहीम जवळपास ३२ महिने चालली. सुमारे १२०० भारतीय सैनिक गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. ज्यांनी जोडीदार गमावले त्यांना परत आल्यावर कळलं की आपल्याच देशात या लढाईबद्दल लोकांचं मन एक नाही. जखमेपेक्षा हे जास्त लागतं. पुढं श्रीलंकेनं राजधानीजवळ या सैनिकांचं स्मारक बांधलं.

तेव्हा फोन नव्हता. '५६ एपीओ' लिहिलेलं आंतरदेशीय पत्र घरी यायचं आणि विविध भारतीवरच्या 'जयमाला'त फौजी भावांच्या फर्माइशीचं गाणं लागायचं. पत्र दहा-पंधरा दिवसांनी पोचायचं, तोवर घरातलं भांडण मिटलेलं असायचं, ताप उतरलेला असायचा. आज ताप चढतानाच व्हिडिओ कॉल लागतो. सोय झाली, पण काळजीही ताजी-ताजी पोचायला लागली.

पलटण मन कसं सांभाळते?

फौजेनं हे शिकून घेतलंय. म्हणून परदेशातही काही गोष्टी नेमानं चालतात. लंगर, म्हणजे सगळ्यांचा एक स्वयंपाक. सणाला बडा खाना, ज्यात अधिकारी जवानांच्या पंगतीत बसतात. मंदिर परेड, धर्मगुरू, गणपती, दिवाळी. संध्याकाळी व्हॉलीबॉल, कबड्डी. सैनिक संमेलनात जवान उभा राहून कमांडिंग ऑफिसरसमोर आपली अडचण मांडू शकतो. इंटरनेट आणि करमणुकीची सोय ही युएनच्या भरपाईच्या यादीतली वेगळी बाब आहे. म्हणजे घरी बोलणं ही चैन नसून रेशन-पाण्यासारखी गरज आहे, हे युएननंही कागदावर मान्य केलंय.

पण पलटण एका गोष्टीला हात लावू शकत नाही. ती म्हणजे गावाकडून जाणारा फोन. तिथं जबाबदारी घरच्यांची आहे.

फोनवर काय सांगायचं?

समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एका घरात वडिलांना अटॅक आला. रात्री अकरा वाजता धाकटा भाऊ रडत दादाला फोन लावतो, "दादा, बाबा गेल्यात जमा हैत." दादा काँगोत पहाऱ्यावर. हातात रायफल, डोळ्यांसमोर अंधार. तो तिथून काहीच करू शकत नाही.

आता हीच बातमी दुसऱ्या पद्धतीनं. भाऊ आधी वडिलांना दवाखान्यात पोचवतो. मग फोन करतो, "दादा, बाबांना छातीत दुखत होतं. जालन्याला ॲडमिट केलंय, डॉक्टर बघताहेत, आईजवळ मामा आहेत. सकाळी आठला रिपोर्ट येईल, मी लगेच कळवतो." बातमी तीच आहे, लपवलेलं काही नाही. पण काय झालं, काय केलं आणि पुढचा फोन कधी, या तीन गोष्टी त्यात आल्या. जवानाला आधार मिळतो.

लपवणं तर आणखी वाईट. आज लपवलेलं उद्या गावातल्या कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतंच. मग पुढं घरच्यांनी "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी त्याचा विश्वास बसत नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

– बोलायचा वार आणि वेळ ठरवा. दक्षिण सुदान आणि गोमा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहेत. लेबनॉन उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन तास मागे. ठरल्या वेळी फोन आला नाही तर लगेच घाबरू नका, नेटवर्क आणि ड्यूटी दोन्ही बेभरवशाचे असतात.

– सासू-सुनेच्या कुरबुरी, भावकीतली भांडणं त्याच्यापुढं न्यायनिवाड्याला नेऊ नका.

– त्याचा कॅम्प, गाडी, हत्यार, गस्तीची जागा दिसेल असा फोटो स्टेटसला, फेसबुकला किंवा गावच्या ग्रुपवर टाकू नका. अभिमान वाटतो हे खरं, पण त्या फोटोतून ठिकाण कळतं.

– टीव्हीवर "हल्ला" दिसला की ग्रुपवरच्या नावांवर विश्वास ठेवू नका. काही वाईट घडलंच तर फौज आपल्या रीतीनं घरच्यांना कळवते. त्यासाठी त्याच्या कागदांत तुमचा पत्ता आणि चालू फोन नंबर बरोबर असायला हवा.

जाण्याआधी कागदं नीट करा

घरची कामं अडली की जवान तिकडं अस्वस्थ होतो. पुढची यादी त्याच्या सुट्टीतच पुरी करावी.

– आधार आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर. हे सिम बंद पडलं किंवा तिकडं चाललं नाही की ओटीपी येत नाही. मग फार्मर आयडी, पीक विमा, ई-केवायसी सगळं अडतं. नंबर चालू राहील, रिचार्ज होत राहील अशी व्यवस्था करा. ओटीपी मात्र घरातल्या एकाच भरवशाच्या माणसाकडं.

– शेतीचे व्यवहार बघण्यासाठी मुखत्यारपत्र. कोणत्या कामासाठी ते स्पष्ट लिहा. सरसकट सगळे अधिकार देऊ नका, नाही तर परत आल्यावर सातबारा पाहून डोक्याला हात लावायची वेळ येते.

– लग्न, मुलाचा जन्म यांची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये झालीय का ते विचारा. वारसाची नोंद जुनीच राहिली तर पुढं विधवेला आणि मुलांना चकरा माराव्या लागतात.

– घरातल्या आजारपणासाठी जवळची लष्करी छावणी छत्रपती संभाजीनगरला आहे. जवानावर अवलंबून असलेल्यांची कार्डं आधीच काढून ठेवा.

बांधाचा दावा पडला तर?

पोरगं सीमेवर किंवा परदेशात आणि इकडं भावकीतल्या कुणी बांध कोरला, वाटणीचा दावा टाकला, हे आपल्याकडं नवीन नाही. जवान तारखेला येऊ शकत नाही म्हणून एकतर्फी निकाल लागेल ही भीती त्याला खाते. बऱ्याच घरांना माहीत नाही की यासाठी १९२५ पासून कायदा आहे. त्याचं नाव इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट.

विशेष परिस्थितीत, युद्धकाळात किंवा समुद्रापार सेवेत असलेल्या सैनिकासाठी हा कायदा आहे. तो दिवाणी आणि महसुली दाव्यांना लागतो, फौजदारी खटल्यांना नाही. सैनिक अशा सेवेत आहे आणि हजर राहू शकत नाही, असा दाखला युनिटकडून कोर्टात आला तर कोर्ट सुनावणी पुढं ढकलतं. जिल्हाधिकारीही कोर्टाला तसं कळवू शकतात. त्या काळात त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला असेल तर तो रद्द करण्यासाठी परत आल्यावर अर्ज करता येतो. सेवेचा तो काळ मुदतीच्या हिशेबातूनही वगळला जातो.

म्हणून नोटीस आली की ती कपाटात ठेवून देऊ नका. फोटो काढून जवानाला पाठवा, त्यानं युनिटमध्ये दाखवून दाखला मागावा. इकडं घरच्यांनी जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज द्यावा. हे कार्यालय फक्त निवृत्तांसाठी आहे असा समज आहे. नोकरीत असलेल्या सैनिकाच्या कुटुंबालाही तिथं मदत मागता येते.

परत आल्यावर

फटाके, हार, मिरवणूक झाली की घरच्यांना वाटतं, आता सगळं पहिल्यासारखं. जवानाला मात्र वेळ लागतो. वर्षभर घंटेवर जगलेल्या माणसाला घरातला गोंगाट सहन होत नाही. लेकरू ओळखत नाही, जवळ येत नाही. बायकोनं वर्षभर घर, शेत, दवाखाना एकटीनं चालवलेला असतो. आता याला वाटतं आपली गरजच उरली नाही. कुणी फटाका फोडला की अंग दचकतं.

पहिल्या आठवड्यात उसनवारी, जमिनीचा व्यवहार, लग्नाची बोलणी काढू नयेत. त्याला झोपू द्यावं, रानात एकटं फिरू द्यावं. तिकडं काय पाहिलं ते खोदून विचारू नये, तो सांगेल तेव्हा ऐकावं. बहुतेक जण महिना-दोन महिन्यांत सावरतात.

पण झोप लागतच नाही, सारखा राग, दारू वाढली, कुणाशी बोलणं नको, "जगून काय करायचं" असे शब्द तोंडी आले, तर थांबू नका. सरकारची टेलि-मानस ही फुकट मदत-सेवा १४४१६ या नंबरावर दिवस-रात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. डोक्याचा त्रास म्हणजे वेड नव्हे. गुडघा दुखला तर दवाखान्यात जातो, तसंच हे. पण जवान स्वतःहून सहसा जात नाही. घरच्यांनीच सोबत जावं लागतं.

कुतच्या वेढ्यातल्या सैनिकाला घरचं पत्र मिळत नव्हतं, श्रीलंकेतल्याला पंधरा दिवसांनी मिळायचं, आजच्याला रोज रात्री दहाला फोन लागतो. पहारा तो करेल, ते त्याला शिकवलेलं आहे. त्या दहा मिनिटांच्या फोनमध्ये त्याच्या पाठीवर ओझं ठेवायचं की उतरवायचं, हे आपल्या हातात आहे.